यंत्राचा दुभाष्या आणि त्याची काटकसर

नेवासे हे गाव आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेच्या ७०० श्लोकांचा अर्थ मराठीत उलगडताना सुमारे ९ हजार ओव्या सांगितल्या. श्लोकाला ओवी देऊन त्यांना थांबता आले असते. पण समोरचा श्रोता कोण, हे त्यांनी ओळखले होते. एका भाषेतला अर्थ दुसरीत नेणाऱ्याला विस्तार किती करावा आणि कोणासाठी, हे दोन प्रश्न टळत नाहीत. आज आम्ही ज्या दुभाष्याविषयी बोलणार आहोत त्याच्यापुढेही हेच प्रश्न असतात. त्याचा श्रोता मात्र यंत्र आहे.

ह्या दुभाष्याचे नाव कंपायलर. माणूस संगणकासाठी आज्ञावली लिहितो ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला कळतात त्या केवळ अंकरूप बारीक आज्ञा. पहिलीचे दुसरीत रूपांतर कंपायलर करतो. अमेरिकेत ग्रेस हॉपर ह्यांनी १९५२ मध्ये ह्या वाटेवर पहिले पाऊल टाकले. पण एकेक आज्ञा हाताने घासूनपुसून लिहिणाऱ्या जाणत्यांना शंका होती, की यांत्रिक भाषांतराला आपल्या हातची सर कशी येणार? त्या काळी यंत्राचा एकेक तास फार महागडा होता. म्हणून आयबीएममध्ये जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोर्ट्रानचा कंपायलर पुरा केला, तेव्हा त्याच्या आज्ञा वेगाने चालाव्यात ह्यासाठी त्यांनी जिवापाड मेहनत घेतली होती. तात्पर्य, काटकसरीची ही विद्या कंपायलरला मागाहून जोडलेली नाही. ती त्याच्याबरोबरच वाढली. पुढे फ्रान्सेस ॲलन ह्यांनी तिला शास्त्राचे रूप दिले, आणि २००६ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

ही काटकसर म्हणजे काय? समजा, आज्ञावलीत दोन फाटे पुढे एकत्र येतात. एका फाट्यावर एक गुणाकार आधीच झालेला आहे, दुसऱ्यावर झालेला नाही; आणि फाटे मिळतात तेथे तोच गुणाकार पुन्हा लिहिला आहे. पहिल्या वाटेने आलेल्याचे श्रम फुकट जातात. चतुर कंपायलर तो गुणाकार उचलून दुसऱ्या फाट्यावर नेऊन ठेवतो, म्हणजे कोणत्याही वाटेने आले तरी तो एकदाच घडतो. १९७९ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी ही युक्ती मांडली. मुंबईच्या आयआयटीत प्रा. डी. एम. ढमढेरे ह्यांनी ती पुढे नेली, आणि त्याच संस्थेतील प्रा. उदय खेडकर ह्यांनी दोन सहलेखकांसह २००९ मध्ये ह्या विश्लेषणशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जीसीसी हा कंपायलर सर्वांना खुला केला. काटकसर कितपत करावी हे त्याला सांगण्याच्या पायऱ्या पुढे रूढ झाल्या. 'ओ-शून्य' म्हणजे जवळजवळ काहीच करू नकोस. 'ओ-दोन' म्हणजे बरीच कर. 'ओ-तीन' म्हणजे वेगासाठी आज्ञावली फुगली तरी चालेल. आणि 'ओ-एस' म्हणजे आकार लहान ठेव. नवख्याला वाटते, तीन हा आकडा मोठा, तेव्हा तोच उत्तम. पण तसे नेहमीच घडत नाही. आज्ञांचा छोटा तुकडा जागोजागी उतरवून काढला की ये-जा वाचते, पण पसारा वाढतो; आणि प्रक्रियकाजवळच्या लहानशा साठ्यात तो पसारा मावला नाही, तर दूरच्या स्मृतीकडे खेपा घालाव्या लागतात. मग वाचवलेला वेळ त्या खेपांतच जातो.

मोबाइलमध्ये हा हिशेब आणखी अवघड झाला, कारण तेथे जागा थोडी आणि विजेचा साठा त्याहून थोडा. अँड्रॉइडचा इतिहासच पाहा. आरंभी फोन आज्ञा वाचत वाचत पाळत असे. २०१० मध्ये त्याला चालता चालता भाषांतर करण्याची सोय मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ॲप बसवतानाच सगळे भाषांतर उरकू लागले. वेग वाढला, पण बसवायला वेळ लागू लागला आणि जागाही अधिक खर्ची पडू लागली. तेव्हा २०१६ च्या सातव्या आवृत्तीने मधली वाट काढली: कोणता भाग वारंवार वापरला जातो ह्याची नोंद ठेवायची, आणि फोन चार्जिंगला लावून निवांत पडला असता तेवढ्याच भागाचे पक्के भाषांतर करायचे. सहा वर्षांत निर्णय दोनदा फिरला, तो काही कोणाच्या अज्ञानामुळे नव्हे. खर्च नाहीसा करता येत नाही. तो कोणी आणि केव्हा सोसायचा एवढेच ठरवता येते.

आपल्याला ह्याचे काय? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पिकाला पाणी किती द्यावे हे सांगणारे 'फुले इरिगेशन शेड्युलर' नावाचे ॲप तयार केले आहे. अशी साधने पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शिवारात पोचतात ती बहुधा स्वस्त, जुन्या, भरत आलेल्या फोनवर. फोन भरला की माणूस मुलाबाळांची छायाचित्रे ठेवतो आणि जड ॲप काढून टाकतो. त्याच्याबरोबर पाण्याचा सल्लाही जातो.

म्हणून ॲप रचणाऱ्या आपल्या नगरच्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे: पायरी आकड्याच्या मोठेपणावरून निवडू नका. 'ओ-दोन' आणि 'ओ-एस' दोन्ही लावून पाहा. वेग, आकार आणि बॅटरी तिन्ही मोजा, आणि मोजा ते आपल्या टेबलावरच्या नव्या फोनवर नव्हे, तर ज्याच्यासाठी ॲप केले त्याच्या हातातल्या फोनवर.