दुधाची पिशवी ते पावसाळी परसबाग : घरातल्या पॅकिंगमध्ये रोपं कशी तयार करायची?

रत्नागिरीत मे संपत आला की परसबागेची घाई सुरू होते. दोडका, पडवळ, काकडी, कारलं, भेंडी, मिरची यांचं बी पाऊस लागायच्या आत पेरायचं असतं. पण जूनच्या पहिल्याच जोरदार सरींत उघड्यावरचं बी वाहून जातं किंवा कुजतं. म्हणून रोपं पडवीत किंवा बाल्कनीत वाढवून मग जमिनीत लावणं जास्त खात्रीचं. त्यासाठी नर्सरीच्या पिशव्या विकत आणायची गरज नाही.

कशात काय लावायचं?

दुधाची पिशवी : महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तरी दुधाच्या पिशव्या वापरात राहिल्या. अर्ध्या लिटरची पिशवी मिरची, वांगी आणि आंब्याच्या कोयीसाठी चांगली. वरून एकाच बाजूने कापा आणि साबणाने धुवा. दुधाचा अंश राहिला तर मुंग्या लागतात.

दह्याचा किंवा आइस्क्रीमचा कप : मिरची, टोमॅटो, वांगी यांचं बी रुजवण्यासाठी.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे : हा ओल धरतो आणि लवकर विरघळतो, म्हणून पावसात उघडा ठेवू नका. काकडी, दोडक्यासारख्या वेलींच्या मुळांना धक्का सोसत नाही. ट्रेचा खण तळाशी फाडून रोपासकट जमिनीत लावता येतो.

नारळाची करवंटी : कोकणातलं सर्वांत जुनं पॅकिंग! तळाला भोक पाडलं की झाली कुंडी.

लोणच्याचे तेलकट डबे आणि मिठाच्या पिशव्या नीट धुतल्याशिवाय वापरू नका. मीठ मुळांना मारक ठरतं. कीटकनाशकाचे डबे तर कधीच नकोत.

भरायचं काय?

जांभ्याची लाल माती एकटी भरली तर डब्यात घट्ट बसते. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि काथ्याचा भुसा समान घ्या. ताजं शेण घालू नका. तळाला दाभणाने तीन-चार भोकं पाडा. बी त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोल पेरा.

रोपं अचानक का कोलमडतात?

कोवळं रोप मातीलगत मऊ पडून आडवं होतं, ती बुरशीची मर असते. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा ही तिची कारणं. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या आणि दाट उगवलेली रोपं विरळ करा. पारदर्शक डब्यात उजेडामुळे शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून कागद गुंडाळा.

आंब्याची कोय लावली तर हापूसच येईल का?

नाही. हापूसच्या कोयीपासून येणारं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. म्हणून कोकणात कोय रुजवून त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. यालाच कोय कलम म्हणतात. कोय वाळली की तिची उगवण्याची ताकद लवकर जाते, त्यामुळे आंबा खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत लावा.

सर्वांत महत्त्वाची काळजी

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. दह्याचा कप किंवा करवंटीतलं चमचाभर पाणीही त्याला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून रिकामे डबे पालथे ठेवा आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून घासा. पाणी नुसतं ओतलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

रोप कधी हलवायचं?

वेलींना दोन ते चार खरी पानं आली की, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत. मिरची-वांग्याला चार-पाच आठवडे लागतात. आधी आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय करा आणि संध्याकाळी लावा.

लावताना प्लास्टिक काढून घ्यायला विसरू नका. जमिनीत राहिलेली पिशवी कुजत नाही, तिचे फक्त तुकडे होतात. धुऊन ठेवली तर तीच पिशवी आणखी एका हंगामाला उपयोगी पडते. फाटली तर सुक्या कचऱ्यात द्या, जाळू नका.