गोंधळ चष्म्यातून दिसेल का?

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. लामतुरेंनी गावात सापडलेलं एकेक जपलं, म्हणून ‘पेरिप्लस’मधलं तगर आज डोळ्यांनी दिसतं. पण तुळजापूरचा गोंधळ कुठल्या कपाटात ठेवणार? हल्ली त्यावर उत्तर तयार असतं: अंधारी खोली, चारी बाजूंनी पडदे, डोळ्यांवर व्हीआर चष्मा.

वाईट नाही हो. पण तो जमला की फसला, हे ठरवायचं कशावर? तिकिटांवर? सेल्फींवर?

लग्नानंतर घरी गोंधळ घालतात तेव्हा चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुणं सुरू होतं, गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावणं होतं. घरच्यांना नुसतं बघत बसता येत नाही, दिवटीला तेल घालायला उठावंच लागतं. म्हणजे चष्मा नव्हता तेव्हाही आपण ‘आत’च होतो की!

युनेस्कोचा २००३चा करार (भारत २००५ मध्ये सामील झाला) असा वारसा पिढीकडून पिढीकडे जाणारा मानतो. मग कसोटीही तीच लावा. काय दाखवायचं, हे गोंधळ्यांना विचारलं का? त्यांचा आवाज रोज वाजणार, तर मानधन एकदाच का? आणि बाहेर आलेलं पोरगं संबळ वाजवून बघायला मागतं, की पुढच्या खोलीकडे पळतं?