मुलांचे झोपायचे कपडे

फुलबाजी हाती देण्याआधी आपल्याकडची आई मुलाच्या अंगावरचा कपडा चाचपून पाहते. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या आयांनाही हीच धास्ती होती. मुलांचे रात्रीचे कपडे चटकन पेट घेणारे नसावेत, असा तेथे नियम झाला. कारखानदारांनी कापडात ट्रिस नावाचे रसायन मुरवले. आगीची भीती कमी झाली. रसायनाची चौकशी मात्र राहूनच गेली!

ती केली बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी. त्यांची युक्ती मोठी नामी. साल्मोनेला जंतूंची एक पंगू जात घ्यायची. हिस्टिडीन हे द्रव्य तिला स्वतः करता येत नाही, म्हणून त्यावाचून ती वाढत नाही. तिच्यात संशयित रसायन घालायचे, आणि जोडीला उंदराच्या यकृताचा अर्क. कारण पुष्कळ द्रव्ये यकृतातून गेल्यावरच घातक बनतात. दोन दिवसांनी बशीत जंतूंचे ठिपके भराभर उगवले, की समजावे, रसायनाने त्यांच्या आनुवंशिक मजकुरात फेरफार केला. (नक्कल करताना आमच्या विद्यार्थ्यांचे चुकलेले अक्षर कधी दुसऱ्या चुकीने बरोबर होते, तसेच हे.) असे फेरफार करणारी द्रव्ये पुष्कळदा कर्करोगही करतात. जनावरांवरच्या परीक्षेला वर्षे लागत. ही झटपट, अर्थात हा इशारा, निकाल नव्हे.

ट्रिस त्यात सापडले. १९७७ साली एम्स व आर्लीन ब्लम यांनी ते जाहीर केले. त्याच वर्षी बंदी आली. पुढच्या वर्षी, असे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्याचा अंशही मिळाला. उरलेला माल काही व्यापाऱ्यांनी तोवर परदेशी धाडला होता. १९७८ साली तेही बंद करावे लागले.