रोटरी टूल घेताय? आधी काम ठरवा, मग मशीन

वटार : चिंचणी, वरोर, वाढवण पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा जुना आहे. घरी दागिने किंवा दगड पॉलिशचे काम सुरू करणाऱ्यांनी रोटरी टूल घेताना हे बघावे.

मशीन : हातात धरायचे टूल स्वस्त पडते, वेगही मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या आसपास; पण सलग चालवले की तापते. रोजच्या कामाला टांगती मोटर बरी. हातात फक्त हलका हँडपीस राहतो, वेग पायाने कमी-जास्त करता येतो.

चक : सोनारी बरची दांडी बहुतेक २.३५ मिमी, साध्या टूलची ३.२ मिमी. दोन्ही बसतात का, दुकानातच लावून बघा.

दगड : अकीक काचेपेक्षा कडक, त्याला डायमंड बरच लागतो. घासताना २२०, ४००, ६००, १२०० ग्रिट अशी चढती पायरी ठेवा. शेवटी फेल्टवर सेरियम ऑक्साइड, वेग कमी.

धोका : दगड कोरडा घासू नका. धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो, फुप्फुस पुन्हा बरे होत नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांनी हे भोगले आहे. दगड ओला ठेवा, मास्क-चष्मा लावा. मात्र विजेची मोटर पाण्यापासून लांबच हवी; तिथेही टांगती मोटरच सोयीची.