चाकाखालची कावड

मोटारीच्या इतिहासात इंजिनाला जो मान मिळाला, तो मागच्या चाकांना कधी लाभला नाही. लग्नात सगळ्यांच्या नजरा नवरदेवाकडे; मांडवाचे खांब कोणी पुरले, हे विचारतो कोण? परंतु १९६० नंतरच्या चारपाच वर्षांत अमेरिकेत मागच्या चाकांखालच्या एका पोलादी पाट्याने असा प्रश्न उभा केला, की तो पुस्तकात, कोर्टात आणि शेवटी थेट सिनेटच्या समितीपुढे जाऊन पोचला. ऐन फराळाच्या वेळी यंत्राची गोष्ट म्हणून वाचकांनी पान उलटू नये. लागेल तेवढे यंत्र मी घरातल्याच भाषेत सांगतो.

पूर्वी मोटारीची मागची दोन्ही चाके बैलगाडीप्रमाणे एका अखंड आसाला जखडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले, की दुसऱ्यालाही त्याचे दुःख भोगावे लागे. व्हिएन्नात जन्मलेल्या एडमंड रुम्प्लर यांनी १९०३ साली ह्यावर पेटंट घेतले. त्यांनी आस मधोमध तोडला आणि दोन्ही अर्ध्यांना फक्त आतल्या टोकाशी सांधा ठेवला. आता प्रत्येक चाक आपापले खालीवर होऊ लागले. युक्ती स्वस्त आणि सुटसुटीत. पुढे टाट्रा, फोक्सवागन, पोर्शे, एवढेच काय, पंखासारखी दारे वर उघडणारी मर्सिडीज ३०० एसएल, सगळ्यांनी ती उचलली.

तिच्यातली खोड मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या आळीतल्या वकिलांची स्टँडर्ड हेराल्ड होती. तिचाही आस असाच झुलता. मेकॅनिकने तिचा मागचा भाग जॅकवर उचलला, की दोन्ही चाके खालून आत दुमडत. पोटाशी पाय घेतलेल्या बदकासारखी ती गाडी दिसे. आम्ही पोरे हसत असू. पण हेच दुमडणे भर वेगात, वळणावर झाले तर? गाडीचा भार बाहेरच्या चाकावर येतो, ते चाक खालून आत वळते, त्याची कड रस्त्यात रुतते, आणि बांबूच्या टेकूवर चढावे तशी गाडीची पाठ त्या चाकावर उचलली जाते. पाठ जितकी वर, तितके चाक आणखी आत. एकदा हे चक्र सुरू झाले, की सावरायला नवशिक्याला अवधीच उरत नाही.

१९५९ च्या ऑक्टोबरात शेव्हरोले कंपनीने कॉरव्हेअर ही गाडी बाजारात आणली. तिचे इंजिन मागे, हवेने थंड होणारे. म्हणजे वजनही बहुतेक मागेच, आणि खाली हा झुलता आस. गाडी देखणी, चपळ. तिचे मोंझा हे रूप तरुणांना विलक्षण आवडले. वळणावर तोल राहावा म्हणून कंपनीने टायरमधील हवेचा हिशेब सांगून ठेवला होता : पुढे १५ पौंड, मागे २६. हिशेब शास्त्राला धरून होता. पण पंपावर हवा भरणारा पोरगा मालकाची पुस्तिका वाचून हवा भरतो, असे कोणत्या देशात घडते?

ज्यांना गाडीची नस कळत होती, त्यांनी आपला मार्ग शोधला. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड गावी फोक्सवागनचे विक्रेते जो व्हिटोन यांनी ‘एम्पी’ नावाने सुट्या भागांचा धंदा थाटला होता. तिथे एक आडवा पाटा मिळे. त्याचा मध्य गिअरपेटीच्या खाली सांध्यावर बसे आणि दोन्ही टोके दोन्ही आसांना खालून उचलून धरीत. आपल्याकडच्या कावडीची आठवण व्हावी, अशी त्याची घडण. एक चाक वर आणि दुसरे खाली जात असेल, तर कावड नुसती कलते. पण दोन्ही चाके एकदम खाली दुमडू पाहतील, तर ती त्यांना तसे करू देत नाही. फोक्सवागनप्रमाणे कॉरव्हेअरसाठीही तो विकला जाई. पोर्शेने १९६० च्या सुपर ९० मध्ये तर असा पाटा कारखान्यातूनच घालून दिला.

जॉन फिच ह्यांचे नाव इथे टाळता येत नाही. १९५५ साली त्यांनी इटलीतील मिले मिलिया शर्यतीत झुलत्या आसाचीच मर्सिडीज ३०० एसएल हाकली होती. पुढे ते कनेक्टिकटमध्ये कॉरव्हेअर सुधारून ‘स्प्रिंट’ नावाने विकू लागले. (रस्त्याकडेला वाळूने भरलेली पिंपे ठेवून धडकेचा जोर शोषण्याची युक्तीही ह्याच गृहस्थांची.)

पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. शर्यतीचा शौकीन मोटारींची मासिके वाचतो, पाट्यांची तुलना करतो, हवा मोजतो. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईला कावडीचा पत्ताच नसतो. तिच्यासाठी निवड कोणी करायची?

कंपनीच्या आतही हा वाद पेटला. जॉन डीलोरीन यांनी सांगितलेल्या आणि १९७९ साली छापल्या गेलेल्या आठवणींनुसार, शेव्हरोलेचे प्रमुख बंकी नड्सन यांनी तोल सांभाळणारा दांडा सरसकट बसवावा म्हणून राजीनाम्याची धमकी दिली. खर्च गाडीमागे पंधरा डॉलरांच्या आसपास होता. काही असो, १९६४ च्या गाडीला पुढे दांडा आणि मागे आडवा पाटा आला. १९६५ ला तर झुलता आस गेलाच. चाक उभे धरणारे निराळे आर्म आले आणि गाडी खरोखर उत्तम झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले. पहिलेच प्रकरण जुन्या कॉरव्हेअरवर. जनरल मोटर्सने लेखकामागे गुप्तहेर लावले, आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबरात वाहनसुरक्षेचा कायदा झाला. कॉरव्हेअर १९६९ साली बंद पडली. १९७२ साली सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला, की १९६० ते १९६३ ची कॉरव्हेअर तिच्या काळच्या इतर गाड्यांहून काही अधिक धोक्याची नव्हती. नेडर-विरोधकांना ह्याने आनंद झाला. मला त्यात विसंगती दिसत नाही. इतर गाड्याही तशाच होत्या, एवढेच त्यातून निघते.

मद्रासला बनणारी आपली हेराल्डही ह्याच सुमारास बदलली. तिची वारस गॅझेल १९७२ साली आली, ती पुन्हा अखंड आस घेऊन.

आज वेगवान गाडीला मागचे नवे आर्म घालू पाहणाऱ्यापुढे बाजारात ढीग पडलेला असतो. रबराचे बुश असलेला आर्म आवाज गिळतो, पण जोरात वळताना किंचित दबतो आणि चाक तेवढे ढळते. पोलादी गोल सांध्याचा आर्म चाकाला केसभर हलू देत नाही. मात्र रस्त्यावरचा प्रत्येक खडा कानाशी येऊन बोलतो, आणि धूळपाण्याने सांधा लवकर खिळखिळा होतो. लांबी कमीजास्त करता येणाऱ्या आर्मने चाकाचा कल हवा तसा जुळवता येतो, पण तो बसवून सरळ घरी जाणे नव्हे. आधी अलाइनमेंट करणाऱ्याकडे जाऊन दोन्ही बाजूंचे माप घ्यावे लागते, आणि शंभरएक मैल चालवून बोल्ट पुन्हा तपासावे लागतात.