अप्रसिद्ध फितींचा इतिहास

ग्रंथकार गेला तरी त्याचें हस्तलिखित मागें राहतें. वादकाचा सूर मात्र पूर्वीं हवेंत विरून जात असे. ध्वनिमुद्रणाच्या शोधानें ही हानि कायमची टळली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सूर टिपला जाणें आणि तो लोकांच्या कानीं पडणें या दोन निराळ्या गोष्टी होत. त्यांमधील अंतर कधीं कधीं एका आयुष्याहूनही मोठें असतें, हें टीना ब्रुक्स या अमेरिकन टेनर सॅक्सोफोनवादकाच्या चरित्रावरून आम्हीं वाचकांस दाखवूं इच्छितों.

हॅरॉल्ड फ्लॉइड ब्रुक्स यांचा जन्म ७ जून १९३२ रोजीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील फेएटव्हिल गांवीं झाला. ठेंगण्या बांध्यावरून बालपणीं पडलेल्या टोपणनांवाचें पुढें ‘टीना’ झालें. ते न्यूयॉर्कमध्यें नांवारूपास येऊं लागले तेव्हां तेथें जॅझचा हार्ड-बॉप संप्रदाय भरांत होता. बीबॉपची द्रुत गति व गुंतागुंत राखून तींत कृष्णवर्णीयांच्या ब्ल्यूज गीतांचा आणि प्रार्थनामंदिरांतील भजनांचा जिव्हाळा मिसळावा, ही या संप्रदायाची रीत. जर्मनीहून आलेल्या आल्फ्रेड लायन यांनीं १९३९ सालीं स्थापिलेली ‘ब्ल्यू नोट’ कंपनी ही त्याचा मोठाच आधार होती.

१६ मार्च १९५८ रोजीं या कंपनीनें ब्रुक्स यांच्या नेतृत्वाखालीं पहिलें ध्वनिमुद्रण केलें. साथीस ट्रंपेटवर ली मॉर्गन, पियानोवर सॉनी क्लार्क व ड्रम्सवर आर्ट ब्लेकी असे मातबर वादक होते. तरीही ती तबकडी निघाली नाहीं. १९ जून १९६० रोजीं तरुण ट्रंपेटवादक फ्रेडी हबर्ड यांची ‘ओपन सेसमी’ मुद्रित झाली. तिची शीर्षकरचना ब्रुक्स यांचीच. पुढें सहाच दिवसांनीं हबर्ड यांना साथीस घेऊन त्यांनीं स्वतःची ‘ट्रू ब्ल्यू’ मुद्रित केली. तिच्या सहांपैकीं पांच रचना त्यांच्या आहेत, आणि त्यांच्या हयातींत त्यांच्या नांवावर निघालेली तबकडी ही एवढीच. त्याच वर्षाच्या ‘बॅक टु द ट्रॅक्स’ला क्रमांकही मिळाला होता, पण ती बाहेर पडली नाहीं. २ मार्च १९६१ रोजींच्या चवथ्या मुद्रणाचीही तीच गति झाली. त्या दिवशीं त्यांचें वय अवघें अठ्ठावीस होतें. त्यानंतर त्यांच्या नांवें एकही ध्वनिमुद्रण झालें नाहीं.

ही उपेक्षा गुणहीनतेची निदर्शक होती काय? ‘ट्रू ब्ल्यू’ ऐकणारा तसें म्हणणार नाहीं. ब्रुक्स यांचा सूर हलका, किंचित् उदास. त्यांचीं स्वरवाक्यें लांब, पण कोठेंही ओढूनताणून आणलेलीं नाहींत. सॉनी रोलिन्स यांचा दरारा किंवा जॉन कोल्ट्रेन यांचा आवेग त्यांत नाहीं. परंतु करुण छटेच्या चालीस त्यांनीं दिलेलें मार्दव त्यांचें स्वतःचें आहे.

हेरॉइनच्या व्यसनानें शरीर पोखरलें जाऊन १३ ऑगस्ट १९७४ रोजीं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं ते निवर्तले. पुढच्याच वर्षीं मायकेल कस्कुना यांनीं कंपनीच्या संग्रहांतील अप्रकाशित फिती तपासण्यास आरंभ केला, आणि १९८५ सालीं ‘मोझेक’ या संस्थेनें चारही मुद्रणें एकत्र प्रसिद्ध केलीं. लोकांना वादकाचा खरा परिचय झाला तो त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं.

जॅझचा इतिहास बहुतांशीं प्रसिद्ध तबकड्यांच्या याद्यांवरून लिहिला जातो. त्या याद्यांत ब्रुक्स यांच्या नांवें एक ओळ होती, म्हणून ते दुय्यम ठरले. आमच्या मतें येथें दोष कानाचा नसून साधनांचा होता. काय प्रसिद्ध करावें हें ठरवितांना व्यापारी आपल्या सोयीनें वागतो. इतिहासकारानें त्या सोयीस गुणांचा निवाडा समजूं नये. सुदैवानें त्या फिती नष्ट झाल्या नाहींत, म्हणून हा निकाल फिरवितां आला. ज्यांच्या फितीच उरल्या नाहींत, त्यांच्याविषयीं निकाल देतांना तरी आपण हात आखडता घ्यावा.