किल्ली परक्या हाती : सॉफ्टवेअरच्या परवान्याचा आणि अडलेल्या संगणकांचा इतिहास

शनिवार, २५ ऑगस्ट २००७. भारतात पहाट व्हायची होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शुक्रवारची दुपार उलटत होती, आणि त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या काही सर्व्हरांवर एक साधी मानवी चूक घडली. चाचणीसाठी राखून ठेवलेला आज्ञावलीचा भाग प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हरांवर चढवला गेला. या सर्व्हरांचे काम ठरलेले होते : जगभरातील संगणक त्यांच्याकडे आपल्या विंडोजची ओळख पाठवीत आणि सर्व्हर ती प्रत अस्सल की बनावट याचा निवाडा करीत. त्या दिवशी निवाडा उलटा होऊ लागला. ज्यांनी रीतसर पैसे मोजून विंडोज घेतली होती, त्यांच्याच पडद्यावर तुमची प्रत अस्सल नाही असा शेरा उमटला. व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या काही सुविधाही बंद पडल्या. पडताळणीचा हा घोळ सुमारे १९ तास चालला. कंपनीच्या हिशेबाने १२ हजारांपेक्षा कमी संगणक त्यात सापडले.

आकडा लहान आहे. जगातल्या कोट्यवधी संगणकांपुढे तो नगण्यच म्हणावा लागेल. परंतु कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशातील एक तपशील मोलाचा आहे. सर्व्हर बंद पडला किंवा उत्तर देईनासा झाला, तर ग्राहकाची प्रत अस्सल धरावी, अशी उदार तजवीज मूळ रचनेत केलेली होती. त्या दिवशी मात्र सर्व्हर गप्प बसला नव्हता. तो उत्तर देत होता आणि चुकीचे देत होता. पंच मैदानात नसेल तर काय करायचे हे ठरलेले होते. पंचच चुकला तर काय, याचा विचार झालेला नव्हता.

एखादी वस्तू विकत घेतल्यानंतर ती वापरण्याची परवानगी दूरच्या यंत्राकडे पुन्हा पुन्हा मागावी लागावी, ही कल्पना संगणकाच्या इतिहासात बरीच उशिरा आली. १९६० च्या दशकात सॉफ्टवेअर बहुधा यंत्रासोबतच मिळे, त्याची वेगळी किंमत नसे. १९६९ साली आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल होण्याची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आपल्या बेसिक भाषेच्या प्रती लोक फुकट वाटतात, मग ती तयार करणाऱ्याच्या श्रमांचे मोल कोण देणार, असा त्याचा रोख होता. तक्रार अवाजवी नव्हती. पण त्या काळी कंपनीच्या हाती पत्र लिहिण्यापलीकडे काही नव्हते.

पुढची दोन दशके कुलपे आली, पण ती ग्राहकाच्या घरातच राहिली. विंडोज ९५ बसवताना एक क्रमांक भरावा लागे. त्याची पारख इतकी भाबडी होती की दुसऱ्या भागातील सात अंकांच्या बेरजेला सातने भाग गेला म्हणजे झाले. सगळीकडे एकच एक लिहिले तरी संगणक खूश होई. भारतातही लेखाजोखा ठेवण्याची किंवा देशी लिपीत अक्षरजुळणी करण्याची काही सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागे खोचायच्या छोट्या 'हार्डवेअर लॉक'सह विकली जात. तो लॉक हरवला की कामाचा खोळंबा ठरलेला. तरीही कुलूप आणि किल्ली दोन्ही आपल्याच टेबलावर असत. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसे.

कायद्याची बाजूही याच काळात आखली गेली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत झाली. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आणले : आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. कागदावर ही तरतूद कडक होती. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर मात्र सुट्या भागांतून संगणक जुळवून मिळे आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्यात 'टाकून' मिळे. ती कोणाची आणि कोणत्या परवान्याची, हा प्रश्न सहसा विचारला जात नसे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली आणि कुलपाची किल्ली प्रथमच घराबाहेर गेली. या प्रक्रियेला 'प्रॉडक्ट ॲक्टिव्हेशन' असे नाव होते. संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड, सीडी ड्राइव्ह, नेटवर्क कार्ड अशा दहा घटकांवरून त्या यंत्राचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा तयार होई. हा ठसा आणि प्रॉडक्ट की यांची जोडी ३० दिवसांत कंपनीकडे नोंदवावी लागे. नोंद झाली नाही तर विंडोज पुढे काम करू देत नसे. पुढे भाग बदलले की ठसा बदले. नेटवर्क कार्ड कायम असेल तर इतर सहा घटक बदलेपर्यंत मुभा होती. तेही बदलले असेल तर चार बदल पुरेसे ठरत, आणि मग सगळे पहिल्यापासून.

ही रचना ज्यांनी आखली त्यांच्यासमोर स्थिर वीज, चोवीस तास इंटरनेट आणि आखीव कंपनी-संगणक असलेला ग्राहक असावा. भारतातील घरचा संगणक वेगळ्या प्रकृतीचा होता. विजेच्या चढउतारांत पॉवर सप्लाय जळे, सोबत मदरबोर्डही जाई, जुनी हार्डडिस्क नव्या डब्यात बसे, धाकट्या भावाच्या यंत्रातील रॅम थोरल्याच्या यंत्रात येई. दुरुस्ती हाच येथील संगणकाचा स्वभाव होता आणि ॲक्टिव्हेशनच्या नजरेत प्रत्येक मोठी दुरुस्ती संशयास्पद होती. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटाच्या हिशेबाने येई. ते नसेल तर फोनवरून ॲक्टिव्हेशन करण्याची सोय होती : पडद्यावरचा ५० अंकी क्रमांक पलीकडच्याला वाचून दाखवायचा आणि त्याने सांगितलेला ४२ अंकी क्रमांक अचूक टंकायचा. मध्येच लाइन तुटली तर पुन्हा पहिल्या अंकापासून.

आणि या सगळ्यातून सुटका कोणाची झाली? मोठ्या कंपन्यांसाठीच्या घाऊक परवान्याच्या आवृत्तीत ॲक्टिव्हेशनच ठेवलेले नव्हते. तिची एक किल्ली एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच फुटली आणि जगभर पसरली. पुढे २००२ च्या सर्व्हिस पॅकने फुटलेल्या किल्ल्या अडवण्याचा प्रयत्न केला, तोवर दुसऱ्या निघाल्या होत्या. म्हणजे बनावट प्रत वापरणाऱ्याला ना ५० अंक वाचावे लागत, ना ३० दिवसांची चिंता. परवान्याची कटकट होती ती परवाना घेणाऱ्याला.

कंपनीच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की तिचे दुखणे काल्पनिक नव्हते. उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २००७ मध्ये भारतात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ६९ टक्के विनापरवाना होते, २०११ मध्ये ६३ टक्के. या अंदाजांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत. परंतु प्रमाण मोठे होते हे नाकारण्यात अर्थ नाही. किमतीचा अडसर कंपनीलाही कळत होता. म्हणूनच २००५ मध्ये भारतासाठी हिंदीतील एक्सपी स्टार्टर आवृत्ती आली. ती स्वस्त होती, पण तिच्यात एका वेळी तीनपेक्षा अधिक प्रोग्रॅम चालत नसत. विकसनशील देशाच्या नागरिकाला एकाच वेळी चौथे काम कशाला लागेल, असा काहीसा तिचा सूर होता.

व्हिस्टापासून ॲक्टिव्हेशनची व्याप्ती संस्थांपर्यंत पोहोचली. घाऊक परवान्यालाही आता पडताळणी लागू झाली. त्यासाठी संस्थेच्या आवारातच एक 'की मॅनेजमेंट' सर्व्हर ठेवण्याची सोय देण्यात आली. प्रत्येक संगणकाने १८० दिवसांच्या आत त्याच्याशी संपर्क साधून परवाना ताजा करून घ्यायचा, असा नियम. त्यातही दोन अटी लक्षणीय होत्या. किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय हा सर्व्हर कोणालाच मान्यता देत नसे. आणि दोन्हींच्या घड्याळांत चार तासांहून अधिक तफावत असली तर विनंती फेटाळली जाई. मोठ्या विद्यापीठाला हे नियम जाणवतही नाहीत. पण दहा-बारा संगणकांचा एखादा विभाग, किंवा वर्णपटमापीला जोडलेला आणि विषाणूंच्या भीतीने मुद्दाम जाळ्यापासून तोडलेला प्रयोगशाळेतला संगणक यांना दुसरा मार्ग शोधावा लागे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, घड्याळ काही वर्षे मागे गेले आणि त्यामुळे ॲक्टिव्हेशन नाकारले गेले, हा अनुभव तंत्रज्ञांना नवा नाही. पडद्यावर दिसतो तो आकडे आणि अक्षरांचा एक अगम्य संकेतांक. पाच-दहा रुपयांच्या सेलचे नाव त्यात कोठेही नसते.

व्हिस्टाच्या पहिल्या रूपात शिक्षाही जबर होती : मुदत टळली की केवळ ब्राउझर उघडे आणि तासाभरात संगणक वापरकर्त्याला बाहेर काढी. टीका झाल्यावर २००८ च्या सर्व्हिस पॅकमध्ये हा प्रकार मागे घेतला गेला. त्याच्या जागी काळा पडदा आणि वारंवार येणाऱ्या सूचना आल्या. चुका मात्र थांबल्या नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोच्या रीतसर मालकांना तुमचा परवाना होम आवृत्तीचा आहे असे सांगण्यात आले. दोषही सर्व्हरचाच होता.

भारतात याला उत्तर शोधण्याची चर्चा पुण्यात एका व्यासपीठावरून ठळकपणे पुढे आली. २८ मे २००३ रोजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम पुण्यातील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात बोलत होते. बिल गेट्स यांच्याशी झालेल्या आपल्या भेटीचा उल्लेख करून, त्या चर्चेत मतभेद झाल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि खुल्या सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला. २००७ च्या जानेवारीत सी-डॅकने डेबियन लिनक्सवर आधारलेली, भारतीय भाषा जाणणारी 'बॉस' ही प्रणाली आणली. तिला ॲक्टिव्हेशनची गरजच नव्हती. तरीही ती कार्यालयांत रुजली नाही. देवनागरीचा जुना मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेला होता, ते फाँट विंडोजवरच्या सॉफ्टवेअरला बांधलेले होते, आणि छपाईयंत्रांची चालक-प्रणालीही सहसा विंडोजपुरतीच मिळे. महाराष्ट्रातील छापखान्यांना आणि कचेऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

जेथे ती वाट खरोखर मळली गेली ते राज्य केरळ. २००१ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा स्थापन झाली. शालेय संगणक शिक्षणाचा 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प त्याच सुमारास सुरू झाला तो मालकी सॉफ्टवेअरवर. शिक्षक संघटना आणि कार्यकर्ते यांनी पाठपुरावा केला, आणि काही वर्षांत शाळांचे शिक्षण व परीक्षा लिनक्सवर आल्या. यश प्रणालीपेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे अधिक होते. 'बॉस'च्या वाट्याला नेमके तेच आले नाही. २०१९ मध्ये राज्याच्या 'काइट' संस्थेने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती दिली, तेव्हा परवाना-शुल्कातील बचतीचा अंदाज ३ हजार कोटी रुपये सांगितला गेला. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवरील 'माया' ही प्रणाली स्वीकारत असल्याची बातमी आली.

मग २०२५ चा जुलै उजाडला. गुजरातेत वाडीनार येथे नायरा एनर्जीचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा सुमारे ४९ टक्के. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. ते निर्बंध भारताला लागू नव्हते आणि अमेरिकेचेही नव्हते. तरी २२ जुलैला नायराची मायक्रोसॉफ्टवरील ईमेल आणि टीम्स सेवा बंद झाली. शुल्क पूर्ण भरलेले असताना आपल्याच माहितीपर्यंत पोहोचू दिले जात नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी २८ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयात गेली. यंदा सर्व्हरची चूक नव्हती. सर्व्हरने सांगितलेले ऐकले होते.

१९७८ मध्ये आयबीएम परकीय चलन कायद्याच्या अटींवरून भारत सोडून गेली, तेव्हा तिची यंत्रे येथेच चालत राहिली. त्यांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी कंपनीने हाती घेतले आणि भारतीय अभियंत्यांनी ती वर्षानुवर्षे चालवली. वाडीनारला कारखाना चालू होता, तेल गाळले जात होते. पण देखभाल कोणी हाती घ्यावी असे तेथे काही नव्हतेच. दरम्यान पत्रव्यवहारासाठी नायराने रेडिफची ईमेल सेवा घेतल्याच्या बातम्या आल्या. ३० जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली.